डाव्या सीटवरचं धान

१

धर्मेंद्रसेठच्या गाडीत सीटा दोनच. उजवी सेठची. डावी कोणाचीच नाही.

अशी गाडी सगळ्या गोंदियात दुसरी नव्हती. हिरवी, बसकी, नाक लांब, शेपूट आखूड. पन्नास वर्षांची विलायती म्हातारी. तारांची चाकं, लाकडाचं स्टेअरिंग, अन् डोक्यावर पत्र्याच्या जागी मेणकापड, तेही टिचबटणांचं, लेकराच्या झबल्यासारखं. आत बसणाऱ्याचं बूड रस्त्यापासून वीतभर वर. धुरपता म्हणायची, "मोठ्या मानसाची हौसच उलटी वं. इतकं कमवून शेवटी जमिनीलेच टेकून बसाचं."

धुरपता सेठच्या घरी झाडूपोछा करायची. सत्तरीची बाई. तोंडात दात चार, पण जिभेले धार बत्तीस दातांची. सेठची बायको जाऊन आठ वर्षं झालेली, लेक गुंजन नागपुरात शिकायले, म्हणून सेठचा सगळा लाड त्या गाडीवर. गाडीले हात लावायची मुभा एका धुरपतालेच. बुढीचा हात हलका आहे, सेठ म्हणे. जुन्या धोतराच्या फडक्यानं ती गाडी अशी पुसायची, जसं न्हाऊ घातलेलं लेकरू.

रविवारचा नेम ठरलेला. सकाळी आठले सेठ यायचा, बॅटरीची तार जोडायचा, चोकची घुंडी ओढायचा, पायानं तीनदा पेट्रोल मारायचा. गाडी आधी खोकायची, मग शिंकायची, अन् तिसऱ्या खेपेले अशी गुरगुरायची की बाजूच्या राईस मिलवरची कबुतरं उडून जायची. अन् त्याच्या आधी, ताडपत्री काढता काढता, धुरपता ओच्यातून मूठभर धान काढायची अन् डाव्या सीटच्या बरोबर मध्ये ढिगली करून ठेवायची.

पहिल्या रविवारी सेठनं ते हातानं झटकलं. दुसऱ्या रविवारी झटकायच्या आधी इकडंतिकडं पाहिलं. तिसऱ्या रविवारी त्यानं हात लावला नाही, पेपरच्या कागदानं लोटलं. धुरपता खांबाआड पदर तोंडात कोंबून हसली.

खोड्या काढायची तिची सवय जुनीच. वरातीच्या पानात मिरची भरणारी ती. कलेक्टर येऊन राहिला म्हणून सरपंचाले भर मे महिन्यात कोट घालून चौकात उभं करणारी तीच. पण ही खोडी तशी नव्हती.

भूमेश्वरी तिची मैत्रीण. पंधराव्या-सोळाव्या वर्षापासून एका बांधीत, एका ओळीत वाकून दोघींनी धानाचा रोवणा केलेला. एकीनं गाणं उचललं की दुसरीनं ओढायचं. नवरा गेल्यावर धुरपता गोंदियाले आली, भूमेश्वरी बोदलकशाकडे गावातच राहिली. गेल्या वर्षी दिवाळीनंतर तिनं डांबरी रस्त्यावर धान वाळत घातलं. तिकडे सगळेच घालतात. डांबर तापते, धान लवकर वाळते. भोवती दगडं मांडायची, म्हणजे गाड्या बाजूनं जातील, अन् घंट्या-घंट्यानं धानातून पाय ओढत चालायचं, म्हणजे खालचं वर येते. भरदुपारी भूमेश्वरी तशी पाय ओढत होती, अन् तिले गाडीनं उडवलं. पाहणारं कोणी नाही. कागदावर लिहिलं, अज्ञात वाहन. गाव म्हणालं, बुढी मधात आली असन, तिचीच चूक.

त्याच दुपारी सेठची हिरवी गाडी घरी आली अन् थेट ताडपत्रीखाली गेली. दोन महिने निघाली नाही. पुढचा डावा दिवा नागपुरातून नवा आला. अन् डाव्या सीटपुढची चटई झटकताना धुरपताच्या हाती दाणे आले. जिऱ्यासारखे बारीक, वासाचे. चिन्नोर. त्या पट्ट्यात चिन्नोर लावणारी एकटी भूमेश्वरी उरली होती.

धुरपता ते दाणे पदरात बांधून ठाण्यात गेली. तिथला जमादार हसला. "बुढे, धान काय बोलते का?"

"नाई बोलत? मंग शिकवू तेले बोलाले," ती म्हणाली.

रस्त्यावर सांडलेलं भूमेश्वरीचं धान गावात कोणी उचललं नव्हतं. मेलेल्याचं आहे, राहू द्या, म्हणाले. धुरपतानं ते झाडून मडक्यात भरलं अन् गोंदियाले आणलं. सीटवरची मूठ त्याच मडक्यातली. तिले सेठ जेलात जायले नको होता. त्यानं आपल्या तोंडानं एकदा म्हणावं, भूमेश्वरीले मी मारलं, एवढंच पाहिजे होतं. मग गावानं तिच्या नावावर लावलेली चूक पुसली जाईन. तिले दुसरं काही नको होतं.

२

दिवाळीले गुंजन घरी आली. त्याच आठवड्यात सेठनं छोटेलालले बोलावलं. छोटेलाल मिस्त्री जुना, सायकलीवर येणारा. या गाडीले कार्बोरेटर दोन, अन् दोघांचा श्वास सारखा पाहिजे. छोटेलाल रबराच्या नळीचं एक टोक कानात घाले अन् दुसरं कार्बोरेटरच्या तोंडाशी धरे, डॉक्टर पाहते तसं.

पण त्या दिवशी सेठनं त्याले उंदीर शोधायले सांगितलं. छोटेलालनं डावी सीट उचलली, खाली बॅटरी मारून पाहिलं, अन् डोकं हलवलं.

"सेठजी, ये चूहे का काम नहीं."

"मग कोणाचं?"

"चूहा खाता है, छिलका छोड़ता है. ये तो साबुत दाना है. और बीच में ढेर लगाया है. चूहा क्या मंडी में बैठा है, जो ढेर लगाएगा?"

धुरपता झाडू थांबवून म्हणाली, "शिकलेला उंदीर असन, छोटेलालभाऊ. सेठच्या मिलमंधला हाय ना."

गुंजन खळखळून हसली. सेठ हसला नाही. त्यानं एक दाणा चिमटीत घेतला, नाकाजवळ नेला, अन् त्याचा हात तिथंच थांबला. चिन्नोरचा वास कच्च्या दाण्यालेही येते. मिलवाल्याचं नाक, त्याले ओळखायले किती वेळ?

"हे चिन्नोर आहे," तो हळूच म्हणाला.

"आमाले काय मालूम, सेठजी? आमी राशनचा तांदूर खातो," धुरपता म्हणाली, अन् पुन्हा झाडायले लागली. झाडता झाडता तिनं मनातल्या मनात भूमेश्वरीले टाळी दिली. पाह्यलं का वं, कसा पांढरा पडला.

३

मग धुरपताले ताप आला. भाची सडक अर्जुनीले राहते, ती येऊन घेऊन गेली. हायवेच्या कडेले घर, रात्रंदिवस ट्रकांचा आवाज, पण भाचीनं तांदळाची पेज पाजून पाच दिवसांत उभं केलं. जाताना धुरपतानं मडक्याच्या तोंडाले फडकं बांधून वरून शेण-मातीनं लिंपलं होतं. उंदरांचा काय भरोसा.

सहाव्या दिवशी ती कामावर आली, तं गुंजन दारातच.

"आजी, तू नव्हतीस ना, मजा झाली. गाडीत रोज धान निघते. रविवार नाही, काही नाही. रोज."

"रोज?"

"बाबा सकाळी ताडपत्री काढतात, की आहेच. त्यांनी कुलूप लावून पाहिलं. तरी."

धुरपता हसली, पण ते हसू अर्ध्यातच थांबलं. गाडी ठेवायचं छप्पर तिन्ही बाजूंनी बंद, पुढं लोखंडी शटर. किल्ली सेठच्या कमरेले. शटर सेठनं नुकतंच उघडलेलं, ती आत गेली. ताडपत्री उचलली. सीटवर ढिगली होती, बरोबर मधोमध. तिनं मूठ भरली. चिन्नोरच. पण तिच्या मडक्यातलं वर्षाचं जुनं, कोरडं, थंड. हे गरम होतं. उन्हात पसरलेलं धान दुपारी उचलावं तसं गरम, अन् सकाळचे आठ वाजलेले, अन् त्या छपराखाली ऊन कधी येतच नाही.

दुपारी ती घरी गेली. मडक्यावरचं लिंपण जसंच्या तसं. वाळून त्याले केसासारखी एक चीर गेली होती, बस. फडक्याची गाठ तिचीच.

कोणीतरी आपली नक्कल करून राहिलं, तिनं ठरवलं. दुसरं काय असन? चिन्नोर तं बाजारातही मिळते, मोजून पैसे फेकले की. शेगडीजवळ ठेवलं तं गरमही होते. मग तिले स्वयंपाकीण आठवली. मुन्नीबाई, कमी बोलणारी, पण बोलली की टोचणारी.

"मुन्ने, तू ठेवतेस का वं गाडीत धान?"

"मी कायले ठेवू? माया घरी लगन हाय का कोनाचं?"

"लगनाचं काय त्याच्यात?"

मुन्नीबाईनं पोळपाटावरचा हात थांबवला. "अवं, बसाच्या जागी नाईतं उंबऱ्यावर मूठभर धान ठेवतेत ते कवा? बलावनं असन तवा. मानूस घरी नसला, तं अक्षद ठेऊन येतेत. का ये बाप्पा, तुयी वाट पाहून राहिलो." मग तिनं धुरपताकडं नीट पाहिलं. "काऊन? कोनं कोनाले बलावलं?"

धुरपतानं झाडू उचलला अन् थेट अंगणात गेली.

४

छोटेलाल पुन्हा आला. सेठ म्हणाला, गाडी डावीकडं बसली आहे. खरंच बसली होती. डावं चाक मातीत थोडं जास्त रुतलेलं, डावी कड खाली. छोटेलालनं स्प्रिंगा पाहिल्या, टायर पाहिले, खाली निजून सगळं ठोकून पाहिलं.

"स्प्रिंग बराबर है, सेठजी. बस, बाईं तरफ वजन है."

"कसलं वजन? गाडी रिकामी आहे."

"वही तो मैं भी देख रहा हूँ," छोटेलाल म्हणाला.

मग त्यानं गाडी सुरू केली, नळी कानात घातली, पहिल्या कार्बोरेटरजवळ धरली, डोळे मिटले. मग दुसऱ्याजवळ. हात वर करून म्हणाला, बंद करो. सेठनं चाबी फिरवली. गाडी गप झाली. छोटेलालच्या कानातली नळी तशीच होती. तो वाकून ऐकत होता, अन् ऐकता ऐकता त्याचा चेहरा मावळत गेला. त्यानं नळी काढली, फडक्याले हात पुसले, पान्हे पिशवीत घातले.

"क्या हुआ?"

"कुछ नहीं. मेरे बस की नहीं है अब ये. कान गया है मेरा." तो सायकलीवर बसला अन् निघून गेला. नळी तिथंच विसरला.

सेठ आत गेला. धुरपतानं चारी बाजूनं पाहिलं. तिचं मन म्हणे, जाऊ दे बुढे, चल. पण हात ऐकत नाहीत, ती खोड जन्माची. तिनं नळीचं एक टोक कानात घातलं अन् दुसरं इंजिनाच्या तोंडाशी धरलं.

आधी नुसतं पोकळ. विहिरीत कान लावल्यासारखं. मग खोल कुठून तरी,

सर्र.

सर्र.

टिक.

पुन्हा. सर्र. सर्र. टिक.

धानातून पाय ओढत कोणी चालत होतं. उजवा पाय, डावा पाय. डाव्या पायाच्या बोटातलं जोडवं ढिलं, ते दर पावलाले डांबराले लागते, टिक. भूमेश्वरीचं जोडवं ढिलं होतं. धुरपतानं तिले शंभरदा म्हटलं होतं, सोनाराले दाखव वं, नाईतं हरवशीन.

आवाज जवळ येत होता. पसरलेल्या धानाच्या या टोकाले पोचला की माणूस वळते, मग थोडं थांबते. तो आवाजही थांबला. कानाच्या अगदी पलीकडं.

धुरपतानं नळी फेकली. म्हातारपणी कानात रक्त वाजते, तिनं स्वतःले समजावलं. डॉक्टरही म्हणते. शंख कानाले लावला तं समुद्र वाजते, म्हणून काय गोंदियात समुद्र आला?

मग तिची नजर सीटवर गेली. डावी सीट मधात दबली होती, गोल. कोणी बसल्यासारखी.

"भुमे," ती तोंडातल्या तोंडात म्हणाली, "मी तं नुसतं त्याले भेव दाखवून राहिली होती वं."

सीट वर आली नाही.

५

सेठनं गाडी विकायची ठरवली. रायपूरचा एक शौकीन रविवारी सकाळी सडक अर्जुनीच्या ढाब्यावर येणार, गाडी पाहणार, तिथूनच घेऊन जाणार. शनिवारी गुंजन धुरपताच्या केसाले तेल लावता लावता म्हणाली, "आजी, मीही जाते उद्या. लहानपणापासून बाबांनी मले त्या सीटवर एकदाच बसवलं. शेवटचं बसून घेते."

धुरपताच्या डोक्यावरचे तिचे हात गरम होते, लेकराचे हात. आईवेगळी पोट्टी, ताप आला होता तं भाचीच्या फोनवर रोज विचारणारी. त्या सीटवर कोण बसून आहे, अन् तिच्या मांडीवर ही पोट्टी बसणार. भूमेश्वरीचा राग धुरपताले माहीत होता. एकदा बांधीत कोणी तिचं रोप तुडवलं, तं तिनं चार वर्षं त्याच्या घरचं पाणी पिलं नाही. मेल्यावर राग कमी होते का वाढते, कोण सांगणार?

रात्रभर विचार केला, अन् रविवारी सकाळीच धुरपता सेठसमोर उभी राहिली. तो मेणकापडाचं छत उघडत होता.

"सेठजी, ते धान मी ठेवत होती."

सेठ वळला.

"भूमेश्वरीचं धान. तुमी घाबरून कबूल कराल म्हून. पन आता मी नाई ठेवत. अन् गुंजनले आज नेऊ नोका. हात जोडतो."

सेठनं पाहिलं, पाहिलं, अन् मग तो हसायले लागला. महिन्याभराचं भेव त्याच्या अंगातून घामासारखं निथळलं. ती तापात असताना कुलपाआड निघालेलं धान त्याले आठवलंही नाही. "तू! तरी म्हटलं. बुढे, तू माझी झोप खाल्लीस." डोळे पुसून तो जवळ आला अन् आवाज खाली केला. "कबूल? काय कबूल? तुझी मैत्रीण रस्त्याच्या मधात नाचत होती. जा, सांग कोणाले सांगायचं. ठाण्यात हसले ना एकदा? पुन्हा हसतील. अन् उद्यापासून कामावर येऊ नको."

धुरपता उभीच राहिली. रागानं नाही. त्याच्या खांद्यावरून तिले सीट दिसत होती. तो 'नाचत होती' म्हणाला, तेव्हा सीट अजून खाली गेली. बोटभर.

तेवढ्यात गुंजन ओढणी सावरत आली. "चला बाबा!"

तिनं दाराच्या कडीले हात लावला, अन् धुरपतानं काय केलं? सत्तर वर्षांची बाई, पदर खोचला, पोट्टीले बाजूले सारलं अन् दार उघडून धपकन आत बसली.

"आता मी उठत नसतो. जन्मात एक डाव या गाडीत बसाचं होतं मले. तू कवाबी बसशीन, बाई."

सेठ ओरडला, "उतर खाली!"

पण गुंजन टाळ्या वाजवत होती. "बाबा, जाऊ द्या ना आजीले! मी थांबते. आजी, मस्त दिसतेस, थांब, फोटो काढते!"

लेकीसमोर सेठनं दात खात चाबी फिरवली.

६

बसताना धुरपताले खाली सीट लागलीच नाही. गरम काहीतरी लागलं, हाडकं. ती आपोआप, जशी पन्नास वर्षं बैलगाडीत, दमणीत, एसटीत म्हणत आली, तशी म्हणाली, "सरक वं भुमे."

अन् जागा झाली.

अर्ध्या सीटवर धुरपता बसली, दाराले चिकटून. उरलेल्या अर्ध्याकडं तिनं पाहिलं नाही. गाडी गोंदियाच्या बाहेर निघाली. दोन्हीकडं कापलेल्या बांध्या, वारा तोंडावर, इंजिनाचा आवाज मांडीतून वर चढे.

"कोणाशी बोललीस?" सेठनं विचारलं.

"मैत्रिणीशी."

"गोरेगावले उतरवून देतो. तिथून कसंही जा." त्यानं चिडून गिअर टाकला, अन् कोपर बाजूले कशाले तरी लागलं. त्यानं पटकन हात ओढून घेतला.

फाट्यावर सरळ जायचं होतं. धुरपतानं डोळ्यांनी पाहिलं, सेठनं स्टेअरिंग सरळ धरलं होतं. गाडी बोदलकशाच्या रस्त्याले, भुमेच्या गावाकडं, वळली.

"हे काय," सेठ म्हणाला. ब्रेक मारला. पाय खाली गेला नाही. पायाखाली काहीतरी होतं, रेतीसारखं सरकणारं. त्यानं वाकून पाहिलं. पेडलांच्या भोवती धान होतं. घोट्यापर्यंत. पाय ओढायले गेला, तं ते अजून चढलं, पोटरीपर्यंत, अन् त्यातून वाफ निघावी तसा चिन्नोरचा वास आला.

"बुढे, हे तूच केलं. सांग, तूच केलं."

"माया हात मांडीवर हायेत, सेठजी. पाहून घ्या."

७

गाडी आपणच थांबली. इंजिन बंद झालं. दहा-साडेदहाचं स्वच्छ ऊन. समोर तलावाच्या बांधापर्यंत अर्धा रस्ता धानानं झाकलेला, कडेले ओळीनं दगडं. राखणीले बाई नाही, कुत्रं नाही. धानावर एक चिमणी नाही. ताज्या ओढलेल्या पायांच्या रेघा तेवढ्या होत्या, लांबच लांब, अन् त्या येऊन गाडीच्या नाकाशी संपल्या होत्या.

सेठचे ओठ हलत होते. धुरपता थांबली. वर्षभर थांबली होती, अजून थोडं.

"मी मारलं," तो म्हणाला. "मीच मारलं तिले. मोबाईल पाहत होतो. बस? झालं?"

धुरपताच्या छातीतून मोठा श्वास बाहेर पडला. झालं. ती बाजूले वळून म्हणणारच होती, की चल वं भुमे, म्हणाला तो, आता उतर, लोकायच्या लेकराले तरास नोको देऊ. शब्द तोंडात आले होते.

पण सेठ थांबला नव्हता. एकदा उघडलेलं तोंड आता मिटत नव्हतं. "मी आरशात पाहिलं. ती उठून बसली होती. हात हलवून राहिली होती. थांबा, थांबा, करून राहिली होती. मले वाटलं, लोक येतील. गाडीले मारतील. मी पाहिलं अन् मी गेलो."

वाऱ्याचं नाव नव्हतं.

उठून बसली होती. जिवंत होती. कागदावर लिहिलं होतं, जागीच ठार. गावानं सांगितलं होतं, कळलंही नसन तिले. धुरपता त्याच एका गोष्टीवर वर्षभर झोपली होती, की भुमेले कळलं नसन. अन् भुमे त्या तापल्या डांबरावर बसून हात हलवत राहिली, अन् हा आरशात पाहत गेला.

धुरपतानं दार उघडलं. एक पाय खाली टाकला, मग दुसरा. दार धरून सरळ झाली. अन् पहिल्यांदा त्या सीटकडं तोंड करून बोलली.

"तू बस, भुमे. निवांत बस."

दार तिनं लावलं नाही. ते आपणच लागलं, हलकेच, जसं आतून कोणी ओढून घ्यावं.

ती चालायले लागली. दहा पावलांवर मागून सेठचा आवाज आला, फाटलेला. "धुरपताबाई! थांबा! थांबा ना!" त्यानं आजपर्यंत तिले कधी बाई म्हटलं नव्हतं.

तिनं एकदाच वळून पाहिलं. उघडी गाडी, मागून सेठचं डोकं दिसे, ताठ, डावीकडं न वळणारं. बाजूची सीट रिकामी होती. पण लाकडाच्या त्या छोट्या स्टेअरिंगवर हात तीन होते. तिसरा काळा, सुकलेला, कोपरापर्यंत भुसा लागलेला, अन् तो सेठच्या हातावर ठेवलेला होता, नव्या सुनेले जातं ओढायले शिकवताना सासू ठेवते तसा.

मग तिनं पाहिलं नाही. मागं धानातून पाय ओढल्याचा आवाज सुरू झाला होता. आधी एकाचा. मग दोघांचा.

८

काळी-पिवळीतून धुरपता दुपारी गोंदियाले परत आली. गुंजन फाटकातच उभी होती, हातात फोन. तिनं आधी धुरपताले पाणी आणून दिलं. धुरपतानं ते सगळं पिलं.

"आजी, रायपूरवाल्यांचा फोन येऊन राहिला, बाबा पोचले नाहीत म्हणून. बाबांचा फोन लागते, पण उचलत नाहीत. नुसता सर्र सर्र आवाज येते. कुठं आहेत ते?"

धुरपतानं गिलास उलटा करून ओट्यावर ठेवला. पोट्टीच्या तोंडाकडं पाहायले तिले जड गेलं, पण तिनं पाहिलं.

"येतेत ना, बाई," ती म्हणाली. "धान वाळलं का येतेत."